एकाएकी सुटणारी धडधड आणि ॲब्लेशनचा निर्णय

नमस्कार श्रोतेहो.

घरात पंधरा-सोळा वर्षांचं पोर. बुटाची नाडी बांधायला वाकलेलं असतं आणि एकदम म्हणतं, "आई, सुरू झालं." मानेवरची शीर उडताना लांबूनही दिसते. मनगट धरून मोजायला जावं तर मोजणं जमत नाही, ठोके मिनिटाला दोनशेच्या घरात. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. मग जसं लागलं तसं एका क्षणात बंद. रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं शांत, कार्डिओग्राम नॉर्मल, आणि परतताना सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: टेन्शन.

टेन्शनची धडधड हळूहळू चढते, हळूहळू उतरते. ही मात्र दिव्याचं बटण दाबावं तशी लागते आणि तशीच विझते. डॉक्टर हिला एसव्हीटी म्हणतात, म्हणजे सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी वेगवान धडधड. मुलगी असेल तर तिला टेन्शनचं लेबल अजून लवकर चिकटतं, याची मला मनापासून चीड आहे. बारावीच्या मुलीनं धडधड सांगितली की "अभ्यासाचा ताण" म्हणून मोकळं व्हायचं! अहो, कार्डिओग्राम काढायला पाच मिनिटं लागतात.

होतं असं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज उतरायला एकच पूल असतो. या मुलांच्या हृदयात त्याखेरीज एक जादा वाट असते. वीज एका वाटेनं खाली, दुसरीनं वर, अशी गोल फिरत राहते. ही जादा वाट काहींत पुलाच्या अगदी अंगाला लागून असते, काहींत लांब, झडपेच्या कडेला. ही वाट जाळून किंवा गोठवून कायमची बंद करणं म्हणजे ॲब्लेशन. ती कुठे आहे हे ध्यानात ठेवा, ॲब्लेशनचा निर्णय त्यावरच फिरतो.

आणि का फिरतो, यासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी.

ही वाट तोडायची तर पूर्वी छाती उघडावी लागे. १९६८ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात, विल सीली या सर्जननी एका मासेमारी करणाऱ्या तरुणाची जादा वाट अशी शस्त्रानं कापली. पुढं दहा-अकरा वर्षांनी फ्रान्समध्ये वेगळंच घडलं. एका रुग्णाची तपासणी चालली होती. शिरेतून आत सरकवलेलं कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक तार, त्या पुलाला टेकलेलं होतं. काम फक्त ऐकायचं: वीज कुठून कशी जाते ते टिपायचं. तेवढ्यात रुग्णाचे ठोके बेफाम झाले. शॉक द्यावा लागला. आणि शॉकच्या उपकरणाचा त्या तारेला चुकून स्पर्श झाला. छातीवरून जायची वीज तारेतून सरळ आत उतरली आणि टोक जिथे टेकलं होतं नेमकी तिथेच पडली. पूल जळाला. वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्यांना पोचेना, तो कायमचाच.

वेडेल, फ्रँक, फोंतेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ही घटना जशीच्या तशी छापली. आपल्या हातून झालेलं नुकसान जगाला सांगितलं. वैद्यकात याहून मोठा प्रामाणिकपणा मला तरी माहीत नाही. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत यशाचे फलक लागतात, तशी चुकांचीही वही उघडी ठेवली पाहिजे.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या मेल्विन शाइनमन यांनी यातून वेगळा विचार केला: चुकून जळतं, तर मुद्दाम जाळता येईल. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले, मग १९८१ मध्ये माणसावर. ज्यांचे ठोके कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते त्यांचा पूलच जाळायचा आणि पेसमेकर बसवायचा. तेव्हा दोनशे जूल आणि त्याहून मोठा शॉक आत द्यावा लागे, हृदयाच्या पोटात छोटा स्फोटच. नंतर रेडिओ लहरी आल्या. तारेचं टोक पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवायचं, डाग पडतो तो काही मिलिमीटरचा. १९९१ साली अमेरिकेतल्या जॅकमन यांच्या गटानं १६६ रुग्णांचा अहवाल छापला, त्यातल्या १६४ जणांची जादा वाट बंद झाली होती. छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून.

म्हणजे बघा, ज्या अपघातातून हा उपचार सुचला, तोच अपघात आजही त्याचा मोठा धोका आहे. पुन्हा सांगतो: जादा वाट जाळताना पूल जळण्याचा धोका.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा, वाट पुलाजवळ आहे की लांब? लांब, डाव्या झडपेच्या कडेला असेल तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक मुलांचं काम एका खेपेत होतं आणि पुलाला फारसा धोका नसतो. तिथे पोचायला मात्र हृदयाच्या आतल्या पडद्यातून सुई न्यावी लागते, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्याचं औषध द्यावं लागतं. वाट पुलाला लागून असेल तर पूल कायमचा जाण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास, जागेनुसार कमी-जास्त. आकडा लहान वाटतो. पण सोळाव्या वर्षी पेसमेकर म्हणजे साधारण दर दहा वर्षांनी नवी बॅटरी, जन्मभर. अशा ठिकाणी गोठवण्याचा पर्याय विचारा. टोक आधी उणे तीस अंशांपर्यंत गार करून बघतात. पूल मंदावला तर लगेच ऊब देतात, तो सावरतो. सगळं ठीक दिसलं तरच उणे सत्तर अंशांच्या खाली जाऊन चारेक मिनिटं गोठवतात. यात धडधड परत येण्याचं प्रमाण जाळण्यापेक्षा जास्त. पण परत आली तर पुन्हा करता येतं, जळालेला पूल परत येत नाही.

थांबलं तर चालतं का? वर्षातून दोनदा धडधड, पाच मिनिटांत घरीच थांबते, कधी भोवळ नाही, धडधड नसताना काढलेला कार्डिओग्राम निर्दोष: मग थांबणं हा हलगर्जीपणा नाही. घरचा उपाय असा. अर्धवट बसवून, दहा मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोरानं पंधरा सेकंद फुंकायला लावा. लगेच सपाट आडवं करा आणि दोन्ही पाय पंधरा सेकंद वर धरा. उताणं करणं आणि पाय उचलणं यातच खरी करामत आहे, नुसतं फुंकून फारसं काही होत नाही. डोळे दाबायचा जुना उपाय करू नका, डोळ्याला इजा होते. रोजच्या गोळ्यांचाही मार्ग आहे, पण बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणाऱ्या गोळ्यांनी मुलं मरगळतात, दमा असेल तर त्या चालत नाहीत, आणि हॉस्टेलवर गोळी चुकतेच.

थांबू नये कधी? धडधडीत शुद्ध हरपली असेल तर. किंवा धडधड नसतानाच्या कार्डिओग्राममध्येच डेल्टा वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीला तिरका चढ, दिसत असेल तर. अशा मुलांत वरच्या कप्प्यांत थरथर सुरू झाली तर ती जादा वाटेनं भरधाव खाली उतरते, क्वचित जीवावर बेततं. त्यांना व्हेरापामिल हे ठोके मंद करणारं औषधही नको. "आधी बारावी होऊ दे" हे वेळापत्रक इथे चालत नाही.

यातलं काहीही ठरवायचं तर कागद हवा. धडधड चालू असतानाचा, बारा लीडचा कार्डिओग्राम. जवळ ग्रामीण रुग्णालय असेल तर तिथे जा, पण आधी कार्डिओग्रामची पट्टी काढून घ्या, मग धडधड थांबवायचं इंजेक्शन. ते इंजेक्शन, म्हणजे ॲडेनोसिन, देताना मशीन चालूच ठेवायला सांगा, धडधड कशी तुटते ते त्याच पट्टीवर दिसतं. तो कागद काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून त्याच दिवशी फोटो आणि झेरॉक्स काढा. लॅमिनेट अजिबात करू नका, उष्णतेनं सगळा काळा पडतो.

आणि मुलाशी बोला, त्याच्या वतीनं नव्हे. जांघेचे केस काढतील, काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागेल, हे आधी सांगितलं नाही तर पोरं आयत्या वेळी संकोचानं रडकुंडीला येतात. धडधडीच्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते लिहून घ्या, गोळी पोटात असली की टेबलावर धडधड सुरूच होत नाही आणि वाट सापडत नाही. जनआरोग्य योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधीच विचारा.

ॲब्लेशन करून घरी आल्यावर आठवडाभर जड उचलायचं नाही, सायकल नाही. पुढचे काही आठवडे मूल म्हणेल, "सुरू होता होता राहिलं." एखादा ठोका चुकतो, तेवढंच असतं ते. पण बटण दाबल्यासारखी धडधड खरंच पुन्हा लागली, तर वाट न बघता पुन्हा तेच: बारा लीडची पट्टी, फोटो, झेरॉक्स.

नमस्कार.