एका खड्ड्यात एक वेल

आधी एक खड्डा डोळ्यासमोर आणा. काळ्याशार राखेत खणलेला, कधी माणूसभर तर कधी त्याहूनही खोल, एका कडेला दगडांची बुटकी अर्धगोल भिंत, आणि तळाशी द्राक्षाची एकच वेल. आता असे हजारो खड्डे, नजर जाईल तिथपर्यंत. लांझारोते म्हणून एक बेट आहे, स्पेनचं, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, त्यातला ला हेरिया हा भाग. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं तिथे ज्वालामुखीचे स्फोट होत राहिले आणि चांगली पिकती जमीन राखेखाली गाडली गेली. माणसं काय करतात अशा वेळी, तर उकरत बसतात. ती राख उकरत उकरत खालच्या जुन्या मातीपर्यंत पोचली आणि तिथे वेल लावली. आणि मग लक्षात आलं की जिने शेती बुडवली ती राखच आता शेती सांभाळतेय, कारण पाऊस तिथे वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर, पण ही सच्छिद्र राख रात्रीचा दमटपणा धरून ठेवते, पाणी खाली झिरपू देते आणि दिवसा उन्हाने उडू देत नाही, म्हणजे अख्ख्या शेताला आयतं मल्चिंगच झालं. भिंत वाऱ्यासाठी, कारण समुद्रावरून येणारा वारा कोवळा फुटवा टिकू देत नाही. आणि हे सगळं हाताने. छाटणी करायला, घड काढायला माणूस वाकून, घसरत त्या खड्ड्यात उतरतो. ट्रॅक्टर तिथे जाणार कुठून.

मी या खड्ड्यापासून सुरुवात केली कारण टेरुआर हा शब्द ऐकला की फार गूढ काहीतरी वाटतं. फ्रेंच शब्द आहे, वाइनची द्राक्षं जिथे वाढतात त्या जागेचा वाइनवर पडणारा ठसा, त्यात माती आली, उतार आला, ऊन, वारा, पाण्याचा निचरा, वेलीची जात सगळं आलं. पण माझं म्हणणं असं आहे की त्यात माणूसही आला, आणि तो छोटा असणं आलं. ज्याला आपल्या मळ्यातली कुठली ओळ लवकर पिकते आणि कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं हे पाठ आहे, तोच तो फरक बाटलीपर्यंत नेऊ शकतो. मोठ्या कंपनीला दरवर्षी लाखो बाटल्या एकाच चवीच्या द्यायच्या असतात, म्हणजे दहा ठिकाणची द्राक्षं एका टाकीत आली आणि फरक पुसला गेला. त्यात चूक काही नाही, लोकांना स्वस्तात बरी वाइन मिळते. पण ते काम वेगळं आणि हे काम वेगळं.

एक गैरसमज मात्र आधी काढून टाकूया. लोक म्हणतात चुनखडीच्या जमिनीतली वाइन दगडासारखी लागते, स्लेट म्हणजे पाटीच्या दगडावरची स्लेटसारखी. मुळं दगड शोषून घेतात आणि त्याची चव मण्यात उतरते असं काही होत नाही. वेल पाण्यात विरघळलेली खनिजं घेते, तीही अगदी थोडी, आणि त्यांना बहुतेक चवच नसते. दगड काम करतो तो वेगळ्या रीतीने. जर्मनीत मोझेल नदीच्या काठाला जे उतार आहेत ना, काही ठिकाणी ६० अंशांपेक्षाही जास्त चढ, तिथे जमिनीवर स्लेटच्या गडद पाट्याच पाट्या पसरलेल्या असतात, त्या दिवसभर तापतात आणि संध्याकाळनंतर ती ऊब परत देतात, आणि इतक्या उत्तरेला त्या उबेशिवाय तिथलं रीसलिंग हे पांढरं द्राक्ष नीट पिकणं अवघड. म्हणजे दगडाची चव नाही, दगडाची ऊब, दगडाचा निचरा, मुळं किती खोल गेली ते. मला तर हे त्या गूढ गोष्टीपेक्षा जास्त सुंदर वाटतं.

आता फ्रान्सच्या बरगंडीत जाऊ. तिथे क्लो द व्हूजो नावाचा एकच मळा आहे, साधारण ५० हेक्टर, भोवती दगडी भिंत. बाराव्या शतकापासून सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठातल्या साधूंनी तो हळूहळू जोडत नेला, शेकडो वर्षं तो एकाच हातात होता. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची जमीन जप्त झाली, विकली गेली, पुढे वारसाहक्काच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा, आणि वाटण्या होत होत आज त्या एका भिंतीच्या आत ८० च्या आसपास मालक आहेत. एखाद्याकडे अगदी थोड्या ओळी. वाटण्यांनी शेती संपते असं आपण म्हणतो, इथे उलट झालं, प्रत्येकाला आपल्या चार ओळींकडे बारकाईने बघावं लागलं. गंमत अशी की वरचा भाग पातळ मातीचा, खाली चुनखडी, पाणी झटकन निघून जातं, आणि खाली रस्त्याच्या बाजूला जमीन जड, चिकणमातीची, ओल धरणारी. भिंत एक, दर्जा कागदावर एकच, सगळाच ग्रां क्रू, म्हणजे सगळ्यात वरचा, आणि तरी वरची आणि खालची वाइन सारखी नसते. म्हणून तिथे मळ्याच्या नावाइतकंच करणाऱ्याचं नावही बघावं लागतं. असे एकेक तुकडे, त्यांना तिकडे क्लिमा म्हणतात, २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले.

सँटोरिनीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. ग्रीसचं हे बेट, तेही ज्वालामुखीचंच. एकोणिसाव्या शतकात, १८६० च्या दशकापासून, फायलोक्झेरा ही मुळं खाणारी कीड अमेरिकेतून येऊन युरोपभर पसरली, मळेच्या मळे वाळले, आणि शेवटी उपाय काय निघाला तर अमेरिकन खुंटावर युरोपियन वेलीचं कलम. आज जगातली बहुतेक वाइन त्या खुंटावरच उभी आहे. पण सँटोरिनीच्या राखेत आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडात चिकणमाती जवळजवळ नाहीच, त्यामुळे ती कीड तिथे जगू शकली नाही, आणि वेली अजून आपल्याच मुळांवर आहेत. तिथली छाटणी एकदा बघण्यासारखी आहे. मंडप नाही, तार नाही, शेतकरी जमिनीवर बसतो आणि लांब फांद्या एकमेकींत गुंफत गोल टोपली विणतो, जिवंत टोपली, तिला कुलूरा म्हणतात, आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात, वारा आणि रेती बाहेरच राहते. दरवर्षी थोडी वीण वाढते. अनेक दशकांनी टोपली थकली की ती कापून टाकतात आणि त्याच जुन्या मुळातून नवा फुटवा येऊ देतात. म्हणजे वरची वेल तरुण आणि खालचं मूळ कितीतरी पिढ्यांपूर्वीचं. तिथल्या असिर्टिको या पांढऱ्या द्राक्षाचा आंबटपणा इतक्या कडक उन्हातही टिकतो, उत्पन्न मात्र फार कमी. आणि बेटावर पर्यटनामुळे जमिनीला जो भाव आलाय त्यापुढे टोपली विणणं परवडत नाही, हे मला खरंच लागतं.

काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया देशाची गोष्ट वेगळी आहे, तिथे घरानेच हे जपलं. तिथल्या गाडाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या ठिकाणच्या मातीच्या भांड्यांत साधारण ८००० वर्षांपूर्वीच्या द्राक्षवाइनचे रासायनिक अवशेष सापडले, २०१७ ला ते प्रसिद्ध झालं. आज तिथे वापरतात ते भांडं म्हणजे क्वेव्री, अंड्याच्या आकाराचा मोठा रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाशीच्या मेणाचा हात. पांढरी द्राक्षंसुद्धा साल, बी आणि कितीदा देठासकट आत टाकतात, तोंड बंद करतात आणि महिनोनमहिने जमिनीच्या गारव्यात सोडून देतात. निघते ती अंबर रंगाची, चहासारखी तुरट, सुक्या जर्दाळूच्या वासाची वाइन. सोव्हिएत काळात मोठे कारखाने झाले, शेकडो देशी जाती असताना मोजक्याच जातींवर भर राहिला, पण लोकांनी घरच्या तळघरात आपल्यापुरती क्वेव्री भरणं सोडलं नाही. मोठा रांजण धुवायला माणूस स्वतः आत उतरतो, चेरीच्या सालीच्या ब्रशने घासत घासत. २०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीची दखल घेतली, आणि त्याच्याही आधी इटलीच्या योश्को ग्राव्हनरसारख्या वाइन करणाऱ्या माणसाने आपल्या आधुनिक टाक्या बाजूला ठेवून जॉर्जियातून रांजण मागवले होते.

यावरून नॅचरल वाइनचा विषय निघतोच. बाहेरून यीस्ट नाही, काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, वाइन टिकवायला घालतात ते सल्फाइट अगदी थोडं किंवा नाहीच. फ्रान्सच्या बोजोले भागात वाइन करणाऱ्या मार्सेल लापियेर यांनी ज्यूल शोव्हे यांचं ऐकून हे केलं आणि अप्रतिम वाइन केल्या. पण शोव्हे हे रसायनशास्त्र जाणणारे होते, काही न घालण्यासाठी आधी किती स्वच्छता आणि किती लक्ष लागतं हे त्यांना माहीत होतं. हल्ली काही बाटल्या उघडल्या की व्हिनेगरचा नाहीतर तबेल्याचा वास येतो आणि सांगतात की हेच टेरुआर. मला हे पटत नाही. बिघडलेली वाइन कुठलीही घ्या, सारखीच लागते, आणि मग जागेचा फरक पुसायला मोठ्या कारखान्याचीही गरज उरत नाही.

मग अशी जागेची, छोट्या माणसाच्या हातची बाटली ओळखायची कशी, हे मला नेहमी विचारतात. लेबलवर मळ्याचं नाव आहे का बघा, नुसतं प्रदेशाचं नको. शॅम्पेन असेल तर लेबलच्या कडेला अगदी बारीक अक्षरात एक कोड असतो, त्याच्या सुरुवातीला ‘आरएम’ असेल तर वाइन करणारा स्वतः शेतकरी आहे, द्राक्षं जवळजवळ सगळी त्याच्याच मळ्यातली, आणि ‘एनएम’ असेल तर द्राक्षं विकत घेऊन करणारं घराणं. एनएम म्हणजे वाईट असं मुळीच नाही, पण कोणाच्या हातची बाटली आहे हे कळतं. युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर २०२३ पासून वाइनमध्ये काय काय घातलंय ते सांगणं बंधनकारक झालंय, बहुतेक ठिकाणी क्यूआर कोड असतो, तो स्कॅन करायचा आळस करू नका.

आणि शेवटचं, दक्षिण आफ्रिकेचं. तिथे स्वार्टलँड आणि आसपास जुन्या, कोरडवाहू वेली होत्या, उत्पन्न कमी म्हणून शेतकरी त्या उपटून टाकत होते, कारण द्राक्ष टनावर विकलं जायचं आणि म्हाताऱ्या वेलीला जास्त भाव देणारं कोणी नव्हतं. रोझा क्रूगर या बाईंनी गावोगाव फिरून अशा वेली शोधल्या, त्यांची नोंद करायला घेतली, ईबन साडीसारख्या वाइन करणाऱ्यांनी त्या द्राक्षांना जास्त पैसे द्यायला सुरुवात केली. आता ३५ वर्षं किंवा त्याहून जुन्या मळ्याच्या बाटलीवर एक छोटं सील लागतं. त्यावर पीक कुठल्या सालचं हे नसतं, ती वेल कुठल्या साली लावली ते छापलेलं असतं.