काझी बाई

संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच! मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला हेच ऐकावं लागतं. आईकडून, मोठ्या जावेकडून, वस्तीतल्या जाणत्यांकडून. पण भांड्याला भांडं लागणं वेगळं आणि पाठीवर वळ उठणं वेगळं.

अशी बाई सहसा आधी पोलीस चौकी गाठत नाही. ज्याच्या शब्दाला मोहल्ल्यात मान आहे, त्याचं दार ती वाजवते. मुस्लिम वस्तीत अनेकदा ते दार काझींचं. आणि काझी म्हणजे पुरुष, हे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेलं. नवऱ्यानं कुठे मारलं, रात्री काय जबरदस्ती केली, हे परक्या पुरुषासमोर कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानं बायकांनाच काझी व्हायला शिकवलं. झकिया सोमण आणि नूरजहाँ सफिया नियाज यांनी २००७ साली उभी केलेली ही संघटना. हाजी अली दर्ग्यातल्या मझारीपर्यंत, म्हणजे कबरीपर्यंत, बायकांना जाऊ द्या म्हणून उच्च न्यायालयात गेल्या त्या याच दोघी. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्याच वर्षी मुंबईत शिकलेल्या जयपूरच्या दोघी काझी म्हणून उभ्या राहिल्या. विरोध झालाच.

शिक्षणात कुराण आहे, तसंच संविधानही. दोन्ही हवंच. समेट घडवणं हे काझींचं जुनं काम, आणि नेमका धोका तिथेच आहे. मार थांबलेला नसताना केलेला समेट म्हणजे बाईला पुन्हा त्याच खोलीत ढकलणं. अशा वेळी कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा ठाऊक हवा. तो सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे. राहत्या घरात राहण्याचा हक्क तो तिला देतो, आणि अर्ज आल्यावर एरवी तीन दिवसांच्या आत पहिली सुनावणी ठेवा, असं दंडाधिकाऱ्यांना सांगतो.

आता निकाहनामा, म्हणजे लग्नाचा करारनामा, जवळून पाहू. त्यात एक ओळ मेहेरची, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायच्या रकमेची. कित्येक घरांत इथे ७८६ रुपये लिहितात, शुभ आकडा म्हणून. तेवढ्यात महिन्याचं दूधसुद्धा येत नाही! आंदोलनाच्या निकाहनाम्याच्या मसुद्यात मेहेर आहे वराच्या किमान एका वर्षाच्या कमाईइतका.

काझी बाई निकाहच्या आधीच कागदपत्रं मागून घेते. वराचं आधी लग्न झालंय का? तलाक झाला असेल तर त्याचा कागद कुठे आहे? मग दार लोटून घेऊन वधूशेजारी बसते.

“बेटी, तुझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना?”