माझा आई आला

नमस्कार मंडळी.

माझी ओळख आत्ता 'शिक्षिका' अशी करून दिली, पण जुन्या सभासदांना ठाऊक आहे, मी इंग्लंडात आले ती सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून. दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार मिळायचा. मग 38व्या वर्षी पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा इथला शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स, केला. पुण्याची पदवी इथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, याचा दाखला काढा, इंग्रजी-गणित-विज्ञान जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, पातळीचं आहे हे सिद्ध करा, वर्षात दोन शाळांमध्ये मिळून किमान 120 दिवस भरा. हे सगळं जमतं हो. सवयी मोडणं जड जातं.

पहिल्या शाळेत माझ्या मार्गदर्शक बाई तासभर मागे बसून वहीत नुसती टिंबं काढत होत्या. मी प्रश्न विचारून जितके सेकंद थांबले, तितकी टिंबं. बहुतेक प्रश्नांपुढे एकच होतं, काहींपुढे तेही नाही! अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे किती? आत्ता थांबून दाखवते.

...

बघा, लगेच तिकडे कुणाला तरी खोकला आला.

आपल्या रविवारच्या मराठी वर्गात एक मुलगा म्हणाला, "माझा आई आला." मागे चहा घेत बसलेले आपण सगळे हसलो. कौतुकानंच हसलो, पण त्यानंतर कित्येक रविवार तो मराठीत बोललाच नाही. त्याचं तरी काय चुकलं? वाटी ती, पेला तो, भांडं ते, हे इंग्रजीत वाढलेल्या पोरानं कशावरून ओळखायचं? आता मी इतकंच म्हणते, "आई आली? कशी आली, बसनं?" बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही पुढे चालतात. उठसूट 'वा, छान!' म्हणणंही मी सोडलंय. त्यानं मुलं विचार करायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्या शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या, ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. आपल्या पोरांचं कुरण म्हणजे फुटबॉलचं मैदान. तिथून ओढून हॉलमध्ये आणलं की ती फुगून बसतात, म्हणून गेल्या उन्हाळ्यात चार रविवार वर्गच मैदानावर भरवला. अट एकच, ओरडायचं ते मराठीत. 'पास दे', 'अडव त्याला', 'अरे, इकडे!'

तिसऱ्या रविवारी तोच मुलगा ओरडला, "माझी चेंडू!"

दुसरा त्याच्या अंगावर धावून गेला, "तुझा नाही, माझा चेंडू!"

"नाही, माझा!"

शिट्टी माझ्या हातात होती. मी वाजवली नाही.

सप्टेंबरपासून वर्गाला दोन मदतनीस हवेत. चहाच्या टेबलापाशी वही ठेवलीय, नावं लिहा. शिकवता आलं नाही तरी चालेल, हसू आवरता यायला हवं.