बदकं तारीख पाळत नाहीत

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीचा दुसरा आठवडा आहे असं समजा. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात, स्टटगार्ट या भातशेतीच्या गावाजवळ, ओकच्या जंगलात गुडघाभर पाणी साठवलंय. शिकारी पहाटेपासून झाडांच्या बुंध्यांना टेकून उभे आहेत. हवा 15 अंशांची, वारा पडलेला, आभाळ रिकामं. ज्यांची वाट बघतायत ती मॅलार्ड बदकं, म्हणजे ज्यांच्या नराची मान हिरवी चमकते ती, तीन-चारशे किलोमीटर उत्तरेला मिसुरीतल्या मक्याच्या कापलेल्या रानात निवांत दाणे टिपतायत. खाली यायचं त्यांना काही कारणच नाही. आणि इकडे हंगामाचे दिवस एकेक करून संपतायत.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार चालत नाही. उजनीवर उतरणारी तलवार बदकं आपण दुर्बिणीतूनच बघतो. अमेरिकेत मात्र बदकांची शिकार हा हिशेबाने चालणारा कायदेशीर व्यवहार आहे. या हिशेबाची घडी हवामानाने कुठे विस्कटते, ते आज बघू.

आधी चौकट. 1916 मध्ये अमेरिकेने कॅनडासाठी ब्रिटनशी स्थलांतरित पक्ष्यांचा करार केला. त्यानुसार 10 मार्च ते 1 सप्टेंबर शिकार बंद, आणि उरलेल्या काळातही हंगाम जास्तीत जास्त 107 दिवसांचा. बदकांच्या स्थलांतराच्या वाटांनुसार देशाचे चार उड्डाणमार्ग मानले आहेत. आर्कान्सॉ ज्यात येतं त्या मिसिसिपी मार्गावर सध्या 60 दिवस मिळतात आणि माणशी दिवसाला सहा बदकं. हे दिवस सप्टेंबरअखेर ते 31 जानेवारी या मुदतीत राज्याने बसवायचे. आर्कान्सॉ ते तीन तुकड्यांत बसवतं: नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरुवात, मध्ये छोट्या सुट्ट्या, 31 जानेवारीला शेवट. या तारखा ठरतात कित्येक महिने आधी, येणारा हिवाळा कसा असेल याचा कुणालाच पत्ता नसतो तेव्हा.

सगळी बदकं एकाच इशाऱ्यावर उडत नाहीत, इथे खरी मेख आहे. निळ्या पंखाचं टील हे छोटं बदक दिवसाच्या लांबीवर चालतं. उन्हाळा कितीही लांबला तरी ऑगस्ट-सप्टेंबरात ते मध्य अमेरिकेच्या वाटेला लागतं, म्हणून त्याच्यासाठी सप्टेंबरात वेगळा छोटा हंगाम असतो. मॅलार्डचं तसं नाही. दाणे आणि उघडं पाणी मिळतंय तोवर ते जागा सोडत नाही. अभ्यासक त्यासाठी चार गोष्टींचा मेळ घालतात: रोजचं सरासरी तापमान, सलग किती दिवस पारा शून्याखाली, बर्फाचा थर किती आणि तो सलग किती दिवस टिकला. नुसत्या थंडीला मॅलार्ड फारसं जुमानत नाही. तळी गोठली तर वाहत्या नदीवर किंवा वीजकेंद्राच्या कोमट पाण्यावर रात्र काढेल. पण जमिनीवरच्या बर्फाने दाणे झाकले की पोटाचा प्रश्न येतो, आणि मग दोन रात्रींत थवेच्या थवे दक्षिणेकडे निघतात. म्हणून मुरलेला शिकारी स्वतःच्या गावचं तापमान बघत बसत नाही. उत्तरेच्या आयोवा आणि डकोटा राज्यांत बर्फ किती पडलाय, ते विचारतो. हिवाळे ऊबदार झाले म्हणजे नेमकं हे बर्फाचं आवरण उशिरा येतं, विरळ येतं, लवकर वितळतं.

मग हंगाम पुढे का ढकलत नाहीत? दक्षिणेतल्या शिकाऱ्यांची ही मागणी जुनीच आहे. 2019 च्या कायद्याने शेवटची तारीख 31 जानेवारी झाली. आधी जानेवारीतला शेवटचा रविवार असायचा. त्यापुढे फेब्रुवारीत जायला जीवशास्त्रज्ञ राजी नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. बहुतेक मॅलार्ड माद्यांनी जानेवारीपर्यंत जोडीदार निवडलेला असतो. परतीच्या प्रवासासाठी आणि अंड्यांसाठी अंगावर चरबी चढवायचा तो काळ. तेव्हाच्या बंदुकीच्या रोजच्या बारांनी चरणंही मोडतं आणि जोड्याही. दुसरी अडचण कागदावरची. राज्याचे विभाग आणि हंगामाच्या तुकड्या यांची रचना पाच वर्षांसाठी बांधलेली असते. सलग दोन हिवाळे बदकांविना गेले म्हणून ती मध्येच बदलता येत नाही.

आता उत्तरेकडे, जिथे ही बदकं जन्मतात. डकोटापासून कॅनडाच्या सस्कॅचवानपर्यंतच्या माळरानावर हिमनद्यांनी मागे ठेवलेली लाखो लहान डबकी आहेत. त्यांना तिथे पॉटहोल म्हणतात. आपल्या रस्त्यांवरचे ते वेगळे! हिवाळ्यात जमीन ओली होऊन गोठली आणि वर भरपूर बर्फ पडला, की वसंतात वितळलेलं पाणी जमिनीत न मुरता डबक्यांत उतरतं. शरद संपताना जमीन कोरडी राहिली, तर तोच बर्फ माती पिऊन टाकते. डबकी आटलेली दिसली की तलवार बदक तिथे थांबतच नाही, अलास्कापर्यंत पुढे उडून जातं, आणि तिकडे पिल्लं कमी निघतात.

1955 पासून दर मे महिन्यात विमानातून ही बदकं आणि डबकी मोजली जातात. 2015 मध्ये बदकांचा आकडा 4 कोटी 95 लाख होता, दुष्काळानंतर 2023 मध्ये 3 कोटी 23 लाख. कोविडमुळे 2020 आणि 2021 ची मोजणी झालीच नाही. शिवाय 2016 च्या हंगामापासून या शरदाचे नियम आदल्या वर्षीच्या मोजणीवर ठरतात. कारभाराला ते सोयीचं, पण यंदाच्या मे महिन्यातला दुष्काळ यंदाच्या नियमांत दिसत नाही. शिकाऱ्याच्या पिशवीत मात्र तो लगेच दिसतो. त्या वर्षीची कोवळी, भोळी पिल्लं थव्यात कमी असतात, आणि जुनी बदकं आमिष म्हणून पाण्यावर ठेवलेल्या नकली बदकांना सहसा फसत नाहीत.

पुन्हा आर्कान्सॉच्या ओकांकडे येऊ, कारण हवामानाचा सगळ्यात महागडा फटका तिथे बसलाय. तिथल्या सखल जंगलांना बांध घालून, दारांत फळ्या टाकून, हिवाळ्यात पाणी तुंबवतात. विलो ओक आणि नटॉल ओकची बारीक फळं पाण्यात पडतात आणि मॅलार्ड ती अख्खी गिळतं. झाड झोपेत असेल, म्हणजे पानं गळून वाढ थांबलेली असेल, तर मुळांना हे पाणी सोसतं. पण पूर्वी पहिल्या दिवशी जंगल भरलेलं हवं म्हणून हंगामाच्या कितीतरी आधी फळ्या टाकत, आणि वसंतातल्या वाढत्या पावसामुळे पाणी वेळेवर उतरत नसे. जागं झाड पाण्यात उभं राहिलं की मुळांना प्राणवायू मिळत नाही. आधी बुंधा तळाशी फुगतो, मग शेंड्याच्या फांद्या वाळतात, काही वर्षांत झाड कोसळतं. त्याच्या जागी ओव्हरकप ओक उगवतो. त्याला पाणी सोसतं, पण त्याचं फळ बदकाच्या घशात मावत नाही. पाणी आहे, जंगल आहे, खायला मात्र काही नाही! म्हणून राज्याच्या गेम अँड फिश कमिशनने आता पाणी उशिरा भरायचं धोरण घेतलंय. पहिल्या दिवशी जंगल कोरडं दिसलं म्हणून ओरडणारे शिकारी अजूनही आहेत.

खोलीचंही गणित आहे. मॅलार्ड बुडी मारत नाही, शेपूट वर करून मान खाली घालतं. त्यामुळे 30-40 सेंटिमीटरपेक्षा खोल पाण्यातलं अन्न त्याच्या आवाक्याबाहेर. एकदम मोठा पाऊस झाला की जंगल कंबरभर भरतं, आजूबाजूची शेतंही भरतात, आणि बदकं त्या नव्या उथळ पाण्यावर पांगतात. भिगवणच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. उजनी काठोकाठ असली की उथळ काठ उशिरा उघडे पडतात आणि पाणपक्षीही उशिरा दिसतात.

ऐन सकाळी काय करायचं? बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणून वारा पाठीवर घेऊन बसायचं आणि नकली बदकांच्या मध्ये, वीसेक मीटरवर, उतरायला मोकळी जागा ठेवायची. वारा पडलेला असेल तर नकली बदकं आरशावर ठेवल्यासारखी निश्चल दिसतात. तेव्हा जंगलात शिकारी बुटाने पाणी ढवळून लाटा उठवतात. रात्रीत बर्फाचा पापुद्रा धरला असेल, तर तो फोडून तुकडे तिथेच तरंगत ठेवू नयेत. मोठ्या चकत्या करून कडेच्या बर्फाखाली सरकवाव्या, म्हणजे जागा काळीभोर, उघडी दिसते. कडाक्याच्या थंडीत बंदुकीतलं जाड तेल गोठून यंत्रणा अडकते, ते आदल्या रात्री पुसून काढायचं. आणि हल्लीच्या ऊबदार सकाळी उलटी काळजी: मारलेली बदकं एकावर एक रचली तर आतली ऊब कोंडून मांस खराब होतं. ती सुटी टांगायची, पोट लवकर साफ करायचं, आणि गाडीत बर्फाची पेटी तयार ठेवायची.

नमस्कार.