किलोमीटर दहा हजार, तास किती?

(दृश्य: सकाळची वेळ. एलबीएस मार्ग, भांडुपहून कुर्ल्याच्या दिशेने.)

सकाळी साडेनऊला एलबीएस मार्गावर गाडी चालते कमी, थांबते जास्त. थांबलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत. इंजिन मात्र फिरतच असतं. ऑइल तापत असतं आणि डिझेल जळताना सुटणारी काजळी त्यात मिसळत असते.

हिशेब साधा आहे. ताशी ६० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर धावायला इंजिनाला १६७ तास लागतात. सरासरी २० वर आली, की तेवढ्याच अंतराचे ५०० तास होतात. मीटरवर आकडा तोच, पण ऑइलने काढलेले कष्ट तिप्पट. मुंबईत डिझेल गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा मांडून बघावाच.

(दृश्य: भांडुपमधल्या एका सोसायटीचं आवार. बॉनेट उघडलेली स्विफ्ट.)

या स्विफ्टमध्ये १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आहे, मूळ फियाटचं. डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो या गाड्यांतही तेच बसलं. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणावरचे भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या. ज्या आहेत, त्या आता जपूनच वापरायच्या.

जपायचं म्हणजे आधी ऑइल. या इंजिनातला टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्याच दाबावर चालतो. ऑइल घट्ट होऊन गाळ धरू लागलं, की पहिला मार या दोघांना बसतो. कंपनीचं वेळापत्रक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. पण रोज रांगतच जाणाऱ्या गाडीचं ऑइल त्याआधी बदललेलं बरं.

गाडीचे मालक शाळेत विज्ञान शिकवतात. सोसायटीत सगळे त्यांना सर म्हणतात.

वॉचमन विचारतात, "सर, गॅरेजवाल्याला बोलावू का?"

"नको मामा, ऑइल बदलायचंय, तासाभराचं काम आहे. गेटजवळच्या गाडीवाल्यांना तेवढं सांगा, आज इकडून वळू नका म्हणून."

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद केलंय. कोमट ऑइल लवकर आणि पूर्ण उतरतं. कढत असेल तर हात भाजतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. पुढची बाजू जॅकने उचलली आणि लगेच दोन्हीकडे जॅक स्टँड दिले. इथे थोडं थांबून सांगायला हवं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही, मिनिटभरासाठीही नाही. जॅक सरकतो, त्याचं सील सुटतं, फरशी खचते. विटाही नकोत, त्या वजनाखाली फुटतात. स्टँड नसतील तर हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावं.

वरचं ऑइल भरायचं झाकण आधी सैल करायचं, म्हणजे खाली धार नीट लागते. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं; त्याच्या नटाखाली पसरट घमेलं. हातात मोजे, कारण जुनं ऑइल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही. नट रिंग पान्याने सैल करून शेवटचे आटे हाताने सोडवायचे.

(दृश्य: काळ्या ऑइलची धार.)

सरांची मुलगी टॉर्च धरून बसली आहे. "बाबा, किती काळं आहे! खराबच झालं होतं ना?"

"डिझेलचं ऑइल काळं होणारच गं. काजळी स्वतःत धरून ठेवायची, इंजिनात कुठे बसू द्यायची नाही, हेच त्याचं काम. नवं घातलं तरी थोड्याच दिवसांत काळं दिसेल."

बघायचं ते वेगळंच. घमेल्यात धातूचा चुरा चमकतोय का? ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं आहे का? दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य इंजिनं पाण्याखाली गेली. आजही सखल भागात गाडी बुडाली, तर चावी फिरवायची नाही. टो करून न्यायची आणि पाणी-ऑइल तपासल्याशिवाय सुरू करायची नाही.

धार थेंबांवर येईपर्यंत फिल्टर. या इंजिनात पत्र्याचा डबा नसतो, प्लास्टिकच्या टोपणात कागदी फिल्टर असतो. तो बदलायचा आणि सोबत आलेली नवी रबर रिंग ऑइलचं बोट फिरवून खाचेत बसवायची. जुनी रिंग खाचेत चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर गाडी सुरू होताच ऑइल बाहेर फेकलं जातं. टोपण प्लास्टिकचं, जोर लावला तर तडकतं. चेंबरच्या नटाला नवं वॉशर घालायचं. तो नटही अंगातली ताकद दाखवायची जागा नाही. आटे गेले तर चेंबरच बदलावं लागतं.

गाडी खाली उतरवून नवं ऑइल. ग्रेड हँडबुकात दिलेलाच. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या नव्या डिझेल गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, चुकीच्या ऑइलने तो फिल्टर चोंदतो. या इंजिनाला तीन लिटरच्या आसपास पुरतं. थोडं कमीच ओतायचं, इंजिन मिनिटभर चालवायचं, ऑइलचा लाल दिवा विझला याची खात्री करायची, मग बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी बघायची आणि वरच्या खुणेपर्यंत थोडं-थोडं घालायचं. खुणेच्या वर मुळीच नको. जास्तीचं ऑइल हवेच्या वाटेने आत ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन त्याच्यावरच पळू लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही.

राहिलं घमेल्यातलं जुनं ऑइल. ते आवारातल्या जाळीत ओतलं, की पावसाळी गटारातून थेट खाडीत आणि समुद्रात जातं, मध्ये गाळायला कोणी नसतं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. सर ते रिकाम्या डब्यात भरतात, वर मोठ्या अक्षरांत 'जुनं ऑइल' लिहितात आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये देतात. तिथल्या पिंपातून ते नोंदणीकृत रिसायकलरकडे जातं. डब्याचं लेबल ते आधीच फाडतात, कारण चांगल्या लेबलचे डबे भंगारातून बनावट ऑइल भरणाऱ्यांच्या हाती लागतात.

उद्या सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून गळती बघायची. बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहिलेली चिठ्ठी आजच चिकटवली आहे.