दोन ठिपक्यांचे ऑक्टोपस

श्रोतेहो, नमस्कार. आज जरा लांबच्या किनाऱ्यावर जाऊ, कॅलिफोर्नियाला. तिथे डोळ्यांच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक गडद ठिपका आणि त्यात निळं कडं असलेले ऑक्टोपस सापडतात. १८८३ साली यांना ऑक्टोपस बायमॅक्युलेटस असं नाव मिळालं. पुढे कित्येक वर्षं दोन ठिपके दिसले की हेच नाव लावायचं, असं चाललं होतं. १९४९ मध्ये ग्रेस पिकफर्ड आणि बेयार्ड मॅककॉनाहे या प्राणिशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ही एक जात नव्हे, दोन आहेत. दुसरीचं नाव ठेवलं बायमॅक्युलॉइडीस. गोंधळ कमी करायला निघालेल्यांनी इतकं सारखं नाव का निवडावं, हे त्यांनाच ठाऊक!

मोठ्यांची ओळख कड्यावरून पटते. बायमॅक्युलॉइडीसचं कडं साखळीसारखं सलग, तर बायमॅक्युलेटसचं तुटक आणि दातेरी. पण हा प्राणी मनात आलं की ठिपका फिका करतो, आणि बाटलीत जतन केलेल्या नमुन्यातली निळाई टिकत नाही.

मग पिल्लं कशी ओळखायची? माझं मत विचाराल तर पिल्लांकडे नंतर बघा, आधी अंडी बघा. बायमॅक्युलॉइडीसची अंडी सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही लांब असतात. आत बलक भरपूर, त्यामुळे पिल्लू बाहेर येतं ते आईची छोटी प्रतिकृती होऊनच. आल्याआल्या तळाशी बसतं, आडोसा शोधतं. बायमॅक्युलेटसची अंडी मात्र अवघी काही मिलिमीटरची आणि संख्येने कितीतरी जास्त. त्यातून निघालेलं इवलंसं, आखूड हातांचं पिल्लू पोहत वर जातं आणि प्लवकांबरोबर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांबरोबर, वाहत राहतं.

खरी पंचाईत पुढे होते. वाहणारी पिल्लं वाढून तळाशी उतरली की दोन्ही जातींची छोटी पोरं सारखीच दिसतात. अशा वेळी नुसत्या नजरेवर विसंबण्यात अर्थ नाही, डीएनए तपासलेला बरा.

मत्स्यालयात ऑक्टोपस पाळणाऱ्यांना हा फरक चांगलाच जाणवतो. मादीने घातलेली अंडी मोठी निघाली, तर पिल्लं वाढवण्याची आशा धरता येते. बारीक निघाली, तर पाण्यात तरंगणाऱ्या त्या जिवांना पुरेसं जिवंत खाद्य मिळवून देतानाच नाकीनऊ येतात. आई मात्र दोन्ही जातींत अंडी राखत बसते आणि पिल्लं निघाली की लवकरच मरते.