पत्रिकेत चेहरे बारा, फोटो एकही नाही

नमस्कार मंडळी. ऑगस्ट जवळ आला की लातूर, नांदेड, परभणीकडच्या कॉलेजातल्या पोरांचे फोन सुरू होतात, "सर, फोटोचं प्रदर्शन भरवायलोत, पत्रिका जरा बघून द्या ना." १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, १८३९ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये डगेरोटाइपची, म्हणजे फोटो काढायच्या सुरुवातीच्या काळातली, रीत जगासमोर खुली केली म्हणून. पोरं तो मुहूर्त बरोबर धरतात, फक्त छपाईची आठवण त्यांना १६ तारखेला येते.

मागं अशीच एक पत्रिका माझ्यापुढं आली. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक, मी मोजले तर बारा चेहरे, सगळे गोल गोल कापलेले, आणि पोरांनी काढलेला फोटो एकही नाही, कोपऱ्यात एक क्लिपआर्टचा कॅमेरा तेवढा. अरे, प्रदर्शन आहे का वाढदिवसाचा फ्लेक्स? म्हणलं पाहुण्यांची नुसती नावं मागच्या बाजूला घ्या आणि पुढं एकच फोटो लावा, अन् ज्यानं काढला त्याचं नाव त्याच्या खाली.

फोटो सापडला तो एका पोरीचा. गच्चीवरून काढलेला, खाली पाण्याचा टँकर आणि त्याच्याभोवती निळ्या प्लॅस्टिकच्या घागरींची दाटी, वर मात्र अर्धा फोटो नुसता रिकामा डांबरी रस्ता. म्हणजे प्रदर्शनाचं नाव बसवायला आयती जागा! पत्रिकेसाठी फोटो निवडताना मी हेच बघतो, सगळ्यात भारी फोटो कोणता हे नाही, अक्षरं बसतील असा कोणता.

पण तो आला व्हॉट्सॲपवरून. नेहमीसारखा पाठवला की फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, आणि चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, भागाकार करा, साधारण सव्वापाच इंच. पत्रिकेला एकवेळ चालेल, १२ बाय १८ च्या पोस्टरला कसं पुरणार? डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणलं तेव्हा मूळ फाइल आली. फ्लेक्सला एवढी भानगड नसते, तो लांबून बघायचा असतो.

आणि तो निळा! मोबाइलवर झगझगीत दिसायला होता, प्रेसमधून आला तो धुऊन विटलेल्या शर्टासारखा. पोरगी रडायलाच आली. यात प्रेसवाल्याची चूक नव्हती बरं का, स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या उजेडानं रंग दाखवते, कागदावर मात्र चार शाया, आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी, आणि झगझगीत निळा त्या चारात बसतच नाही. म्हणून फाइल आधीच सीएमवायकेत, म्हणजे या चार शायांच्या रंगात, बदलून बघायची आणि गठ्ठा छापायच्या आधी एक टेस्ट प्रिंट काढायची, तीही ज्या कागदावर छापायचंय त्याच कागदावर, कारण साधा कागद शाई पितो आणि अंधारे फोटो त्याच्यावर आणखी काळवंडतात.

मराठी मॅटरची तर वेगळीच तऱ्हा. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतो, प्रेसमध्ये कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये जुने फॉन्ट, तिथं पेस्ट केलं की रफार कुठंतरी, वेलांटी कुठंतरी. एका फोटोखाली 'वेरूळच्या पायऱ्या' लिहिलं होतं, छापून आलं 'पायर्या'. यावर उपाय म्हणजे अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, फाइल द्यायची, पण कर्व्ह केल्यावर त्यात काना दुरुस्त करता येत नाही, तेव्हा एक उघडी कॉपी आपल्याकडं ठेवायची.

कॅटलॉगची पानं चारच्या पटीत, आठ, बारा, सोळा, मधे पिना मारायच्या असतात ना. या पोरांनी दहा पानं लावली होती, मग दोन कोरी राहायलीत म्हणून परत पाहुण्यांचे फोटो काढून बसले! मी म्हणलं थांबा, तिथं फोटो काढणाऱ्या सगळ्यांची नावं आणि गावं टाका.

टाकली. प्रदर्शनाच्या दिवशी बघतो तर चाकूरहून आलेले एक आजोबा भिंतीकडं पाठ करून उभे, कॅटलॉगचं शेवटचं पान उघडून नातवाच्या नावावर बोट ठेवलेलं, आणि शेजारच्याला विचारायलेत, "ह्याचा फोटो कुठं लावलाय हो?"